तीन बोटांची मूठ

कँटीनच्या भिंतीवर हनुमानला स्वतःचा हात दिसला.

फोटोतला हात. चकचकीत कागदावर, ताटाएवढा मोठा. अंगठा, त्याच्या शेजारी दोन थोटकं, मग अनामिका आणि करंगळी. चेहरा नव्हता, फोटो खांद्यापाशीच कापलेला. वाळूजच्या त्या कारखान्यात बोटं गेलेले हात काही कमी नव्हते, पण स्वतःचा हात ओळखायला माणसाला तोंड बघावं लागत नाही. शिवाय एका फोटोत त्या हातात त्याच्या सायकलसारखीच मूठ होती.

डावीकडच्या फोटोखाली लिहिलं होतं ‘आधी’. त्यात तो हात पॅकिंगच्या खोक्यावर नुसता पडलेला. उजवीकडच्या फोटोखाली ‘नंतर’. त्यात ती मूठ, पण पुढं सायकल नव्हती. मुठीला लोखंडी चिमटा जोडला होता, आणि चिमट्याच्या समोर पावर प्रेस उभा होता.

हनुमाननं तो चिमटा एकदाच धरला होता, तोही टूलरूममध्ये, साचे-हत्यारं बनतात तिथं. “जरा धर, वजन कसं वाटतं सांग,” असं माऊली म्हणाला होता आणि मोबाईल काढला होता. मागचा प्रेस नंतर चिकटवलेला. तेवढंही सांगायची गरज त्याला वाटली नव्हती.

वर मोठ्या अक्षरात ‘या महिन्याचे कायझेन’. खाली ‘सादरकर्ता: माऊली गायके, टूलरूम’.

कायझेन म्हणजे कामात कामगारानं सुचवलेली सुधारणा. असं पुस्तकात. कारखान्यात त्याचा अर्थ एवढाच, की आपल्या डोक्यातलं काढून साहेबाच्या भिंतीवर लावायचं आणि टाळ्या घ्यायच्या.

“हणमंता, फेमस झालास की लेका!” मागनं कुणीतरी ओरडलं. “आता पार्टी पायजे.”

“पार्टी माऊलीला माग. हात ह्याचा, नाव त्याचं,” दुसरा म्हणाला आणि सगळं टेबल हसलं.

हनुमान हसला नाही. त्याची नजर फोटोच्या कोपऱ्यात अडकली होती. तिथं छोट्या चौकटीत कणकेचा गोळा होता, त्यावर बोटांचे ठसे. गोळा ज्या परातीत होता तिच्या काठाला पोचा होता. ती अंबिकाची परात होती. लग्नात तिच्या मामानं दिलेली.

घरातली परात कंपनीच्या भिंतीवर. ताट तसंच टेबलावर ठेवून तो बाहेर पडला.

माऊली म्हणजे हनुमानचा जिवाभावाचा दोस्त. पैठणकडच्या शेतकरी घरातला. शेती भावाभावांत वाटली गेली तसा हा आयटीआय करून वाळूजला आला. हाताला अक्कल अशी, की लेथवर उभा राहिला की लोखंडाला लाजल्यासारखं व्हायचं. पण कागदावर ठेकेदाराचा माणूस. परमनंट नाही, आणि परमनंट नसलेल्या पोराला आजकाल पोरगी कोण देतं? बघायला गेला की पोरीचा बाप नाव-गाव नंतर विचारतो, आधी विचारतो, “कायम हायेत का ठेक्यावर?” असे किती चहा-पोहे माऊलीनं खाल्ले आणि पडलेलं तोंड घेऊन परत आला, ते त्यालाच ठाऊक.

हनुमान धनगराचा. बाप कडूबा अजूनही कन्नडच्या डोंगरात मेंढरं घेऊन हिंडतो. हनुमान मात्र नशिबानं परमनंट झालेला. प्रेसवर ऑपरेटर. दोघांच्या खोल्या बजाजनगरात एकाच गल्लीत. अंबिकानं भाकरी थापली की एक भाकरी माऊलीच्या नावाची असायची. तो तिला वैनी म्हणायचा, आणि ती त्याला तोंडावर म्हणायची, “भावजी, तुमचं लग्न होईस्तोवर माझे हात झिजतील.”

आता बोटं कशी गेली ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेसला दोन बटणं असतात. एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा साचा खाली येतो. दोन्ही हात बटणावर असले म्हणजे साच्यात एकही हात नाही, इतकं सरळ. कुणा शहाण्या माणसानं केलेली सोय आहे ती. पण टार्गेट ठरवतो तो वेगळा माणूस असतो. मग पोरं काय करतात? एक बटण खुंटी मारून कायमचं दाबून ठेवतात. एक हात दुसऱ्या बटणावर, एक हात साच्यात पत्र्याचा तुकडा, म्हणजे जॉब, ठेवायला, माल धडाधड बाहेर. सुपरवायझरला खुंटी दिसते तेव्हा तो छताकडं बघायला लागतो. ऑडिट आलं की खुंट्या खिशात, ऑडिट गेलं की परत बटणात.

बाकीच्यांच्या खुंट्या लाकडाच्या ढलप्या होत्या. हनुमानची मात्र नायलॉनची. लेथवर कातलेली, गोल, गुळगुळीत. माऊलीनं करून दिलेली.

“दिवसभर दोन्ही हात आपटून खांदा दुखतो म्हणतोस ना? ही लाव. आराम पडंल.”

आराम पडला. मग एका दुपारी साचा खाली आला तेव्हा उजवा हात आत होता.

कारखान्यात बोट तुटलं की दोन गोष्टी ताबडतोब होतात. साचा पुसून घेतात, आणि चूक कुणाची ते ठरवतात. बोट बर्फात घालायचं त्यानंतर आठवतं. सेफ्टीचा साहेब दवाखान्यात आला आणि त्यानं विचारलं, “ही खुंटी कुणी केली?”

पलंगाच्या पायथ्याशी माऊली उभा होता. चेहरा राखेसारखा. ठेक्यावरचा माणूस, नाव निघालं असतं तर त्याच दिवशी गेटच्या बाहेर.

“मीच केली,” हनुमान म्हणाला.

ज्या माणसाला लेथचं तोंड कुठं आणि शेपूट कुठं हे माहीत नाही, त्यानं म्हणे कातीव खुंटी केली. पण साहेबानं मान डोलावली. त्यालाही तेच पाहिजे होतं. ऑपरेटरचा निष्काळजीपणा. प्रकरण मिटलं.

हनुमानला पॅकिंगला टाकलं. पॅकिंग म्हणजे बोटं गेलेल्यांचा कोपरा. लेबल चिकटवा, खोकी बंद करा. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. वाटायचं ते घरी. उजवा हात तो टॉवेलखाली लपवून बसायचा. पाहुणे आले की नमस्कार करायचा टाळायचा. अंबिकाशी बोलणं कमी झालं. हे माऊलीला बघवलं नाही, आणि एका रविवारी तो शहागंजच्या बाजारातून जुनी गेअरची सायकल घेऊन आला. जाड टायर, पुढं शॉकअप, डोंगरात चालवायची सायकल.

“हिला काय करू? डोक्यावर घेऊ?” हनुमाननं हात पुढं केला. “ब्रेक कशानं दाबू?”

“ते मपलं काम. तू फक्त बस.”

आणि खरोखर, माऊलीनं जे केलं त्याला तोड नव्हती. हे लिहायलाच पाहिजे. दगा देणाऱ्याचं चांगलं झाकून ठेवलं तर दगा किती मोठा ते कुणाला कळणार?

पहिल्या दिवशी तीसगावच्या खवड्या डोंगरावर गेले तेव्हा हनुमानचा हात हँडलवरून घसरत होता. सगळं वजन थोटकांवर यायचं आणि कळ खांद्यापर्यंत जायची. माऊली ते बघत राहिला. संध्याकाळी त्यानं अंबिकाकडं कणीक मागितली. तिनं पोळ्यांची कणीक परातीत दिली.

“हँडल धरल्यागत धर,” तो म्हणाला. हनुमाननं कणकेचा गोळा मुठीत दाबला. कुठं जोर पडतो, कुठं पोकळ राहतं, सगळं उमटलं. अंबिका दारात उभी राहून बघत होती. “भावजी, ह्याची पोळी लाटू का देवापुढं ठेवू?” ती म्हणाली, आणि कित्येक महिन्यांनी हनुमान मोठ्यानं हसला.

त्या ठशावरून माऊलीनं मूठ कातली. मागच्या बाजूला पंखासारखी रुंद, म्हणजे वजन मनगटाजवळच्या तळहातावर टेकतं आणि थोटकं मोकळी राहतात. बाहेरच्या टोकाला कडं, हात निसटू नये म्हणून. त्याच्याही पुढं वर वळलेलं शिंग, चढावर धरून अंग पुढं टाकायला. वरून जाड रबर. आणि ब्रेकला जुन्या सायकलची लांब दांडी लावून ती आत वाकवली, म्हणजे अनामिका आणि करंगळीनं सहज ओढता येते. सगळी मूठ एका षटकोनी खाचेच्या अॅलन बोल्टवर हँडलला आवळलेली.

कडूबा एकदा गावाहून आले तेव्हा त्यांनी ती हातानं चाचपून बघितली. “एडक्याचं शिंगच लावलंय की,” ते म्हणाले. “काठी आसो का हे आसो, टेकायला जागा पायजे माणसाला.”

त्या मुठीनं हनुमानला उठवलं. दर रविवारी खवड्या डोंगर. पुढं दौलताबाद, पुढं खुलताबादचा घाट. दगडधोंड्यातून उतरताना पुढचं चाक नाचायचं आणि तीन बोटांचा हात ते आवळून धरायचा. खाली आला की तो तोच हात वर करून माऊलीला दाखवायचा. घरातला टॉवेल परत खांद्यावर गेला.

आणि आता ती मूठ कँटीनच्या भिंतीवर होती.

टूलरूमच्या दारात त्यानं माऊलीला गाठलं. माऊली लेथ पुसत होता. लेथ स्वच्छच होता.

“मला सांगायचं तरी,” हनुमान म्हणाला.

“सांगणारच होतो. सरप्राइज म्हणलं.”

“प्रेसचा फोटो मागं चिकटवला ते पण सरप्राइज?”

माऊलीनं चिंधी बाजूला ठेवली. “हे बघ, हणम्या. सार्थक सरला आयडिया आवडली. म्हणले, अशी मूठ असंल तर बोटं गेलेला माणूस परत लाइनवर येतो. चिमट्यानं जॉब उचलायचा, चिमट्यानं साच्यात ठेवायचा. हात आत जायचा प्रश्नच नाय. गिऱ्हाईक कंपनीचे लोक येणारेत बघायला. त्यांना आवडलं की मपली ऑर्डर निघंल. परमनंटची.”



“चिमटा,” हनुमान म्हणाला. “हा चिमटा दोन वर्षं आधी करता येत नव्हता का रे?”

माऊलीनं चिंधी परत उचलली.

“तेव्हा खुंटी केलीस. आता चिमटा. बोटं होती तेव्हा चिमट्याला कुणाकडं टाइम नव्हता, व्हय ना?”

“हळू बोल,” माऊलीनं आजूबाजूला बघितलं. “खुंटीचं कामून काढतोस?”

त्या क्षणी हनुमानला कळलं, की ह्याला भीती खुंटीची आहे. मित्राच्या हाताची नाही.

सार्थक सर म्हणजे माणसांच्या खात्याचे साहेब. वय कमी, दाढी कोरलेली, आणि बोलणं असं गोड, की ऐकणाऱ्याच्या दाताला कीड लागावी. दुसऱ्या दिवशी त्यांनी हनुमानला केबिनमध्ये बसवलं आणि पाणी दिलं. कामगाराला साहेब खुर्ची देतो तेव्हा काहीतरी काढून घ्यायचं असतं.

“हनुमानराव, तुमचा व्हिडिओ बघितला मी. घाटातून काय उतरता हो तुम्ही! आम्हाला जमणार नाही.”

“कुठला व्हिडिओ?”

“माऊलीनं दाखवला. एका हातानं ब्रेक, खड्डे, वळणं. मानलं तुम्हाला. मग विचार आला, एवढा फिट माणूस आम्ही लेबलं चिकटवायला का बसवलाय?”

“सर, सायकल वायली, प्रेस वायला.”

“बरोबर आहे. पण पॅकिंग पुढच्या महिन्यापासून ठेकेदाराकडं चाललंय. तिथं तुमची जागा राहत नाही. प्रेसवर जागा आहे, तुमच्यासाठी खास टूल आहे, तुमच्याच मित्रानं केलेलं. नाही म्हणायचं असेल तर…” सरांनी हात पसरले. “मग स्वतःहून सोडल्यासारखं होईल.”

“आणि टार्गेट?”

“टार्गेट सगळ्यांना तेच.”

चिमट्यानं जॉब उचला, ठेवा, चिमटा बाजूला टाका, दोन्ही हात बटणावर न्या, परत चिमटा घ्या. असं करून ते टार्गेट देवालाही गाठता येणार नाही. म्हणजे आज सगळं नियमानं. मग आठवड्याभरात सुपरवायझर मागं उभा राहून घड्याळ बघणार, आणि कुणाच्यातरी खिशातून खुंटी निघणार. ह्या वेळी जाईल तो मनगटापासून.

प्रेसचा आवाज त्याला पॅकिंगमध्येही सहन व्हायचा नाही. साचा आपटला की उजव्या हाताची नसलेली बोटं दुखायची. नसलेली बोटं दुखतात, हे डॉक्टरला खरं वाटतं पण साहेबाला वाटत नाही.

घरी अंबिकानं सगळं ऐकून घेतलं. ती चुलीसमोर, म्हणजे गॅससमोर, उकिडवी बसायची. सवय गावाकडची.

“माझी परात साहेबाला दाखवली?” ती म्हणाली.

“फोटोत आहे.”

“जेवायला बसलेल्यानं भाकरी मागावी तशी त्यांनी कणीक मागितली आन् मी दिली. घरचा माणूस म्हणून.” तिनं तवा जरा जोरात आपटला. “तुम्ही प्रेसवर उभं राहायचं नाय. मी सांगून ठेवते. भांडी घाशीन लोकाची.”

तेवढ्यात फोन आला, कडूबांचा. पोरगा नीट बोलत नाही हे म्हाताऱ्याला लगेच कळलं. हनुमाननं थोडक्यात सांगितलं. पलीकडून मेंढरांच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती.

“लांडगा आला तर कुत्रं भुंकतं,” कडूबा म्हणाले. “पण राखणीच्या कुत्र्यानंच कोकराला तोंड लावलं तर भुंकायचं कुणी?”

दोन दिवसांनी माऊली खोलीवर आला. हातात पेढ्यांचा पुडा, परमनंट व्हायच्या आधीच. अंबिकानं ‘या’ म्हटलं नाही. तो उंबऱ्यावरच बसला.

“हणम्या, एकदाच. गिऱ्हाईकाच्या माणसांपुढं एकदाच प्रेस चालवून दाखव. मपली ऑर्डर हातात पडू दे, मग मी सरला सांगतो. तुला टूलरूमला माझ्याकडं मागून घेतो. आईशप्पथ.”

“वैनीची परात दाखवायच्या आधी विचारलं होतं का, भावजी?” अंबिका आतून म्हणाली.

“चुकलं, वैनी.”

“चुकलं म्हणणं लई सोपं असतं. पीठ मळायला वेळ लागतो.”

माऊली हनुमानकडं वळला. “तू माझ्यासाठी दवाखान्यात काय केलं ते मी विसरलो नाय. जलमभर विसरणार नाय. आता एवढं एक कर.”

हनुमान मनात धुमसत होता. पण इतक्या वेळा पोहे खाऊन परत आलेल्या त्या तोंडाकडं बघून त्याला नाही म्हणवेना. मैत्री ही अशीच घाण सवय असते. माणूस समोरून खिसा कापताना दिसतो आणि आपण त्याला म्हणतो, जरा हळू, बोट कापंल तुझं.

“एकदाच,” तो म्हणाला.

अंबिकानं पेढ्यांचा पुडा उचलून माऊलीच्या मांडीवर परत ठेवला.

त्या दिवशी प्रेसशॉप धुऊन काढलेलं. पिवळे पट्टे नव्यानं मारलेले. खुंट्या सगळ्यांच्या खिशात. हनुमानची सायकलसुद्धा आत आणून उभी केली होती, पाहुण्यांना मूळ मूठ बघता यावी म्हणून. सकाळीच कुणीतरी तिच्या मुठीवर कंपनीचं स्टिकर लावून गेलं होतं. त्यावर नंबर. हनुमाननं ते बघितलं.

गिऱ्हाईक कंपनीकडून आलेल्या मुख्य बाई म्हणजे तनुजा मॅडम. पांढरं हेल्मेट, सुती कुडता, चेहऱ्यावर हसू नाही. त्यांनी सायकलची मूठ धरून बघितली, ब्रेक ओढून बघितला. “हे सुंदर आहे,” त्या म्हणाल्या, आणि ते मनापासून होतं. “कुणी केलं?”

“मी, मॅडम,” माऊलीनं पुढं होऊन सांगितलं. इस्त्रीचा शर्ट घातला होता त्यानं.

हनुमान प्रेससमोर उभा राहिला. उजव्या हातात चिमटा. मूठ तळहातात अशी बसली, जशी डोंगरावर बसायची. तीच ऊब, तोच आधार. त्यालाच त्याची किळस आली. वर साचा लटकत होता. तेलाचा वास. डाव्या बगलेतून घाम ओघळला. ‘एकदाच,’ तो मनात म्हणाला. ‘ह्याचं लग्न होऊ दे.’ त्यानं चिमट्यानं जॉब उचलला, साच्यात ठेवला, चिमटा खाली ठेवला. दोन्ही हात बटणांच्या वर नेले.

“एक मिनिट,” तनुजा मॅडम म्हणाल्या. “ह्यांचा अपघात झाला कसा होता?”

सार्थक सरांनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी माऊली बोलला. चटकन, शाळेत कविता म्हटल्यासारखा.

“ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळं, मॅडम. त्यांनी स्वतः खुंटी करून बटण बंद केलं होतं.”

हनुमानचे हात बटणांच्या वर होते तिथंच राहिले.

पोस्टर चिकटवलं ते ठीक. व्हिडिओ दाखवला ते ठीक. परात दाखवली, प्रेसवर उभं केलं, तेही गिळलं असतं. पण ती खुंटी! दवाखान्यात झाकलेली चूक, मित्र म्हणून अंगावर घेतलेली, ती ह्यानं इस्त्रीचा शर्ट घालून चारचौघांत परत त्याच्याच अंगावर टाकली. कुणी विचारलंही नव्हतं त्याला.

हनुमाननं हात खाली घेतले.

“मॅडम, ती खुंटी लेथवर कातलेली होती,” तो म्हणाला. आवाज शांत होता, त्याचंच त्याला नवल वाटलं. “मला लेथ येत नाय. ती ह्यानं केली. मला आराम पडावा म्हणून केली, हेही खरंय. आणि सुपरवायझर रोज बघत होते. आज सगळ्यांच्या खिशात हात घालून बघा. खुंट्या निघतील.”

मागच्या रांगेतला एक जण हळूच दोन पावलं मागं सरकला, खिशावर हात ठेवून. ते सगळ्यांना दिसलं.

“तुम्ही केली?” तनुजा मॅडमनी माऊलीला विचारलं.

माऊलीनं सार्थक सरांकडं बघितलं.

“मॅडम, वर चहा लावलाय,” सार्थक सर म्हणाले. “हे जरा घरगुती आहे त्यांचं. आपण वर बोलू.”

मॅडम जाताना एकदा थांबल्या, मागं वळून बघितलं, काहीतरी बोलणार असं वाटलं. मग गेल्या. चहा गार होतो म्हटल्यावर मोठमोठी माणसं जातात.

थोड्या वेळानं सुपरवायझर आला आणि हनुमानला म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस, बोलावणं पाठवू. बोलावणं कसलं असतं ते दोघांनाही माहीत होतं.

हनुमाननं सायकल घेतली आणि गेटवर आला. गेटवरच्या वॉचमननं मुठीवरचं स्टिकर बघितलं.

“हनुमानभौ, ही अशी नेता येणार नाय. कंपनीचा नंबर लागलाय हिच्यावर. गेटपास लागंल.”

“सायकल मपली आहे.”

“सायकल न्या की. मूठ कंपनीची.” वॉचमनला वाईट वाटत होतं, पण वाईट वाटायचा पगार त्याला नव्हता. “सोडून ठेवा अन् जा.”

अॅलन बोल्ट. किल्ली लावायची, दाबून फिरवायची. उजव्या हातानं ते होत नाही, आणि डाव्या हातानं हँडल धरायला पाहिजे. वॉचमननंच टूलरूमला फोन लावला.

माऊली आला. शर्टाची इस्त्री बगलेत मोडली होती. खिशातून किल्ली काढून तो हँडलपाशी वाकला. बोल्ट त्यानंच आवळलेला, जाम बसला होता.

“तू मपलं नाव घेतलंस,” तो न बघता म्हणाला. “एवढे दिवस गप होतास. आज सगळ्यांसमोर घेतलंस.”

हनुमानला आधी कळलंच नाही. मग कळलं, की हा रागावलाय. हा, माऊली, रागावलाय. दगा आपल्याला झाला असं ह्याला वाटतंय.

“मी मेलो आता,” माऊली म्हणाला. “ठेकेदार उद्याच काढंल. तुझ्यासाठी मी काय नाय केलं रे? रातभर… सुट्टीच्या दिवशी बसून कातली ही. दुसऱ्या कुणी केलं असतं?”

“कुणीच केलं नसतं,” हनुमान म्हणाला. “खुंटी पण कुणी एवढी चांगली केली नसती.”

बोल्ट सुटला. माऊलीनं मूठ ओढली. रबर हँडलला चिकटलं होतं, ते चर्र करून निघालं. खाली उघडी नळी राहिली, आतून जरा गंजलेली.

“हणम्या.”

हनुमाननं सायकल गेटबाहेर घेतली.

“हणम्या, एकदा बोल तरी.”

“आत जा. नंबर लावलेला माल हातात घेऊन उभा आहेस. तुझ्याकडं पण गेटपास नाय.”

शिफ्ट सुटायला वेळ होता, रस्ता मोकळा होता. सायकलवर बसून हनुमाननं उजवा हात नळीवर ठेवला. तो घसरला. परत ठेवला, परत घसरला. मग त्यानं तो हात मांडीवर ठेवला आणि डाव्या हातानं सायकल धरून बजाजनगरकडं निघाला. चाक डुगडुगत होतं. एका टेम्पोवाल्यानं हॉर्न मारून शिवी दिली. हनुमाननं बाजू दिली नाही.